लूट केव्हा आपली होते?

‘लूट’ हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडून नेला. संस्कृतातल्या ‘लुण्ठ्’ या धातूशी नातं सांगणारा हा शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीस हिंदीतून इंग्रजीत शिरला आणि तिथलाच होऊन बसला. आपल्याला तो शाळेपासून ओळखीचा. लूट म्हटलं की १६६४ सालची सुरत आठवते. आता तोच शब्द फोनमधून आपल्याकडे परत आलाय. बीजीएमआय खेळताना ‘थांब, आधी लूट करू दे’ असं म्हटलं नाही असा माणूस माझ्या ओळखीत तरी नाही.

पण या दोन लुटींत एक मोठा फरक आहे. सुरतेची लूट आधी कुणाची तरी होती. गेममधली लूट आधी कुणाचीच नसते. तुम्ही राक्षस मारता त्या क्षणी ती जन्माला येते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे तो जन्म कसा होतो ते मला ठाऊक आहे. एक टेबल असतं. एका रकान्यात वस्तूचं नाव, दुसऱ्यात तिचं वजन, म्हणजे ती निघण्याची शक्यता. कॉम्प्युटर एक रँडम आकडा काढतो, टेबलमध्ये बघतो आणि वस्तू जमिनीवर टाकतो. वीस-पंचवीस ओळींचा कोड, बस्स.

आणि तरीही, त्याच टेबलमधून निघालेली एक अंगठी लोक वीस-वीस वर्षं विसरत नाहीत, आणि तिच्या शेजारच्या हजार तलवारी न बघताच विकून टाकतात. असं का होतं? याचं उत्तर कोडमध्ये सापडत नाही. इतिहासात मात्र सापडतं, कारण गेल्या पन्नास वर्षांत हा प्रयोग अनेकदा झालाय आणि एकदा तर फार महागात पडलाय.

फाशांच्या टेबलावर

सुरुवात कॉम्प्युटरवर झालीच नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापला. कागद, पेन्सिल, फासे आणि चार-पाच मित्र. भुयारात शिरायचं, राक्षसांशी लढायचं, खजिना घेऊन बाहेर पडायचं. खजिन्यात काय निघेल हे ठरवायला पुस्तकात तक्ते दिलेले होते. फासे टाकायचे आणि तक्त्यात बघायचं. आपलं लूट टेबल ते हेच.

या खेळाचा एक जुना नियम मला फार आवडतो. सोन्याचं एक नाणं सुखरूप बाहेर आणलं की अनुभवाचा एक गुण मिळायचा. राक्षस मारूनही गुण मिळायचे, पण खजिन्याच्या मानाने कमी. त्यामुळे झोपलेल्या ड्रॅगनला न उठवता त्याचं सोनं पळवणारा खेळाडू शहाणा ठरायचा. वाट कशी काढली, याची किंमत होती.

१९७६ साली आलेल्या एका पुरवणीत व्हेक्ना नावाच्या मेलेल्या जादूगाराचा हात आणि डोळा या दोन वस्तू आल्या. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमुळे हे नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. त्या वस्तूंची ताकद अफाट होती. पण हात वापरायचा तर आधी स्वतःचा हात कापावा लागायचा, आणि डोळा बसवायचा तर स्वतःचा डोळा काढावा लागायचा. फुकट काही नव्हतं. पन्नास वर्षं होत आली तरी लोकांना त्या वस्तू आठवतात, त्यांनी किती डॅमेज वाढायचं म्हणून नाही. त्यांच्यासाठी काय द्यावं लागायचं, म्हणून.

पिऊन बघा, मग कळेल

१९८०च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ कँपसवर मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांना एक अडचण सतावत होती. त्यांना ॲडव्हेंचर गेम लिहायचे होते, पण आपणच लिहिलेला गेम आपल्याला खेळता येत नाही. कुठल्या खोलीत काय ठेवलंय ते आधीच माहीत असतं. मग त्यांनी ठरवलं की भुयार दर वेळी कॉम्प्युटरनेच नव्याने बांधायचं. पुढे बर्कलीचा केन आर्नॉल्ड त्यांना येऊन मिळाला. त्याच्या ‘कर्सेस’ या लायब्ररीमुळे टर्मिनलच्या पडद्यावर हवं तिथे अक्षर उमटवता येत होतं. त्यातून ‘रोग’ हा गेम तयार झाला. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो वाटला गेला आणि जगभरच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पोचला.

‘रोग’मध्ये चित्रं नाहीत. तुम्ही म्हणजे एक ‘ॲट’चं चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. औषधाची बाटली म्हणजे उद्गारचिन्ह, मंत्राची गुंडाळी म्हणजे प्रश्नचिन्ह. पण लुटीच्या बाबतीत या गेमने जे केलं ते आजही अनेक मोठ्या स्टुडिओंना जमत नाही. तुम्हाला बाटली मिळते ती ‘निळी बाटली’ म्हणून. त्यात काय आहे ते लिहिलेलं नसतं. या खेळात निळी बाटली जखम भरून काढेल. पुढच्या खेळात तीच तुम्हाला आंधळं करेल. रंगांचे अर्थ दर वेळी नव्याने पिसले जातात. कळायचं तर पिऊन बघायची. आणि मेलात तर मेलात, जुना सेव्ह उघडून परत यायची सोय नाही.

याचा परिणाम बघा. बाटली मिळाल्याबरोबर तुमच्या हातात एक निर्णय येतो. आत्ता प्यायची, की अगदी जिवावर बेतेपर्यंत ठेवायची? अंगात घातलेलं चिलखत शापित निघालं तर काढता येणार नाही, तरी घालून बघायचं का? वस्तू अजून वापरलीही नाही, पण ती तुम्हाला विचार करायला लावते आहे. लुटीतला हा पहिला मोठा शोध: वस्तू म्हणजे आधी एक प्रश्न असतो.

डाव्या क्लिकचा जन्म

‘रोग’च्या पोटी ‘मोरिया’ आला, ‘मोरिया’वरून ‘अँगबँड’. हे गेम आवडणारा डेव्हिड ब्रेव्हिक नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात मॅक्स आणि एरिक शेफर या भावांबरोबर एक छोटी कंपनी चालवत होता. त्यांचा ‘डियाब्लो’ सुरुवातीला टर्न-बेस्ड होता. म्हणजे तुम्ही एक चाल करायची, मग राक्षस एक चाल करणार. प्रकाशक ब्लिझार्डने आग्रह धरला की हे रिअल टाइममध्ये करा. ब्रेव्हिक नाखूश होता, तरी एका शुक्रवारी दुपारी बसून त्याने काही तासांत तसा बदल करून पाहिला. माउस सांगाड्यावर नेला, क्लिक केलं, आणि सांगाडा हाडं होऊन कोसळला. ब्रेव्हिकने ही गोष्ट पुढे अनेकदा सांगितली आहे. १९९६ च्या अखेरीस गेम बाजारात आला, तोवर ती छोटी कंपनी ‘ब्लिझार्ड नॉर्थ’ झालेली होती.

‘डियाब्लो’ने वस्तूंची नावं वाक्यासारखी जुळवली. मधे मूळ वस्तू, पुढे एक विशेषण, मागे एक शेपूट. विशेषणं आणि शेपट्या मोजक्याच, पण जोड्या हजारो. ‘गॉडली प्लेट ऑफ द व्हेल’ हे चिलखत कुठल्या लेखकाने लिहिलेलं नाही. ते टेबलांच्या गुणाकारातून निघालं, आणि खेळाडूंनी त्याला दंतकथा बनवलं.

दुसरी गोष्ट पिशवीची. दहा बाय चार, म्हणजे चाळीस चौकोन. अंगठीला एक लागतो, चिलखताला सहा. भुयाराच्या तळाशी पिशवी भरली की काहीतरी टाकूनच पुढे जावं लागतं. आणि तिसरी गोष्ट आवाजाची. अंगठी जमिनीवर पडली की एक बारीक, किणकिणता आवाज येतो. डझनभर राक्षसांच्या किंकाळ्यांतही तो कानाला बरोबर सापडतो. तीस वर्षांपूर्वीचा हा आवाज ऐकून आजही लोकांची मान वर होते.

२००० साली ‘डियाब्लो २’ आला. पांढरी साधी, निळी जादूची, पिवळी दुर्मीळ, हिरवी संचातली आणि सोनेरी एकमेव. २००४ च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने स्वतःची रंगांची उतरंड आणली, आणि मग ही कल्पना सगळीकडे पसरली. फोनवरच्या कुठल्याही गेममध्ये जांभळं काही दिसलं की आपला अंगठा आपोआप तिकडे वळतो, त्याची मुळं इथे आहेत.

हॉस्टेलमधला शाको

मी ‘डियाब्लो २’ खेळलो तेव्हा तो सोळा वर्षांचा म्हातारा गेम होता. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्या लॅपटॉपना नवे गेम झेपायचे नाहीत, हा मात्र कशावरही पळायचा. चौघं एका स्विचला केबल जोडून बसायचो. माझ्या रूममेटला ‘शाको’ नावाची टोपी हवी होती. ती सोनेरी अक्षरांत पडली तर ती ‘हार्लेक्विन क्रेस्ट’च असणार, हे खेळणाऱ्याला बघताक्षणी कळतं. त्यासाठी पठ्ठ्याने सर्वांत अवघड पातळीवर मेफिस्टोला दोनेक महिने रोज रात्री मारलं. एका पहाटे शाको पडला. तो ओरडला, आणि शेजारच्या तीन खोल्यांतली मुलं रॅगिंग चाललंय समजून धावत आली. परीक्षेच्या निकालाला त्याच्यासाठी एवढी गर्दी कधी जमली नव्हती.

आमच्यातल्या चौथ्याला एवढा धीर नव्हता. त्याने नेटवरून एक एडिटर उतरवला आणि आपल्या कॅरेक्टरला डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी वस्तू दिल्या. त्याच्या डोक्यावर अगदी तोच शाको होता, तेच आकडे, उलट प्रत्येक आकडा कमाल. दोन दिवस तो सगळ्यांना भारी पडला. तिसऱ्या दिवशी त्याने गेम काढून टाकला. कंटाळा आला, म्हणाला.

एका ओळीचाही फरक नसलेल्या दोन वस्तू. एकीला जमिनीवरून उचलण्याचा क्षण होता, दुसरीला नव्हता. हाच प्रयोग पुढे लाखो माणसांवर झाला. पण त्याआधी एका अंगठीबद्दल सांगायला हवं.

अंगठीचं नाणं

‘डियाब्लो २’च्या ऑनलाइन दुनियेत सोन्याच्या नाण्यांना कुणी विचारत नव्हतं. नाणी ढिगाने मिळायची, मेलं की त्यातली काही जायची, आणि बाळगण्यावर मर्यादा होती. मग खेळाडूंनी स्वतःचं चलन शोधलं: ‘स्टोन ऑफ जॉर्डन’ ही अंगठी. ती सगळ्या पात्रांना उपयोगी, दुर्मीळ आणि पिशवीत एकच चौकोन अडवणारी. चिलखताचा भाव अंगठ्यांत सांगितला जाऊ लागला. कुणीही फर्मान काढलं नव्हतं; बाजारानेच नाणं पाडलं.

आणि नाणं म्हटलं की खोटं नाणं आलंच. सर्व्हरमधल्या चुका शोधून लोकांनी अंगठीच्या नकला केल्या. नकली अंगठ्यांचा पूर आला, भाव कोसळले. २००३ साली १.१० या पॅचमध्ये ब्लिझार्डने यावर जो उपाय काढला तो कुठल्याही रिझर्व्ह बँकेला आवडेल असा होता. गेममधल्या दुकानदाराला स्टोन ऑफ जॉर्डन विकल्या की सगळ्यांच्या पडद्यावर मोजणी झळकायची: इतक्या विकल्या गेल्या. पुरेशा विकल्या गेल्या की डियाब्लोचा एक भयंकर अवतार जगात उतरायचा, आणि त्याला मारणाऱ्याला ‘अनायलस’ नावाचा ताईत मिळायचा. लोकांनी आपली नाणी स्वतःच्या हाताने, आनंदाने जाळली. कारण बदल्यात त्यांना एक प्रसंग मिळत होता.

त्याच पॅचने ‘एनिग्मा’ आणलं. तीन ठरावीक रून ठरावीक क्रमाने चिलखतात बसवायच्या. बसल्या की कुठल्याही पात्राला टेलिपोर्ट करता येऊ लागायचं, जे तोवर मुळात जादूगारणीचं कौशल्य होतं. पायी चालणारा योद्धा भिंतींपलीकडे उडी मारू लागला. नुसतं ‘डॅमेज १० टक्के जास्त’ असं त्या चिलखताचं काम नव्हतं. त्याने खेळायची रीतच बदलली. चांगली वस्तू आकडा वाढवते, थोर वस्तू एक नवं क्रियापद देते.

दुकान उघडलं

१५ मे २०१२ रोजी ‘डियाब्लो ३’ आला. त्यात लिलावघर होतं. आधी गेममधल्या सोन्याचं, आणि जूनपासून खऱ्या पैशांचंही. वस्तूला कमाल भाव २५० डॉलर, आणि प्रत्येक विक्रीवर कंपनीची फी एक डॉलर. हेतू वाईट नव्हता. लोक तसेही बाहेरच्या संशयास्पद साइटवर वस्तू विकत होते, फसवले जात होते. त्यापेक्षा सुरक्षित बाजार आपणच द्यावा, असा सरळ विचार.

कागदावर हे उत्तम होतं. एक इंजिनिअर म्हणून मी ती मीटिंग डोळ्यांपुढे आणू शकतो. कदाचित मीही मान डोलावली असती. शोधायला लागणारा वेळ कमी करा, हवं ते हव्या त्याला मिळवून द्या. आम्ही दिवसभर दुसरं काय करतो?

पण झालं असं, की राक्षस मारून पडणारी वस्तू बहुतेक वेळा तुमच्या कामाचीच नसायची. जादूगाराला ताकद वाढवणारी वस्तू, धनुर्धाऱ्याला बुद्धी वाढवणारी. आणि कामाची वस्तू मेनू उघडला की समोर, भाव लावून ठेवलेली. मग पडलेल्या वस्तूकडे बघून माणूस ‘मी हिचं काय करू?’ असं विचारेनासा झाला. तो विचारू लागला, ‘ही कितीला जाईल?’ ‘रोग’च्या बाटलीतला प्रश्न संपला आणि भावाची चौकशी सुरू झाली. माझ्या हॉस्टेलमधल्या चौथ्या मुलाचा एडिटर आता अधिकृत झाला होता.

२०१३ च्या मार्चमध्ये गेमचे माजी संचालक जे विल्सन यांनी एका परिषदेत जाहीरपणे मान्य केलं, की लिलावघरांनी गेमचं नुकसान केलं. सप्टेंबरमध्ये ती बंद करण्याची घोषणा झाली आणि १८ मार्च २०१४ रोजी ती बंद झाली. पैसे आणणारं दुकान कंपनीने आपल्या हाताने बंद केलं, ही घटना या धंद्यात दुर्मीळच. त्याच्या काही आठवडे आधी लूट नव्याने रचली गेली होती. वस्तू कमी पडू लागल्या, पण तुमच्या पात्राला शोभतील अशा, आणि दुर्मीळ वस्तू कौशल्यांचं रूपच बदलू लागल्या. टेबल तेच, नियम बदलले. गेम पुन्हा जिवंत झाला.

राक्षस गायब झाला

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण धंद्याने या सगळ्यातून वेगळाच धडा घेतला. १९५७ साली फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून दाखवलं होतं, की बक्षीस नेमकं कितव्या वेळी मिळेल हे ठाऊक नसेल तर प्राणी कळ दाबतच राहतो. लुटीत हे सूत्र पहिल्यापासून होतंच. प्रश्न एवढाच, की कळ आणि बक्षीस यांच्यामध्ये काय आहे. ‘डियाब्लो’त मध्ये भुयार होतं, राक्षस होता, मित्र होते. लूट बॉक्समध्ये मधलं सगळं काढून टाकलं आणि तिथे पेमेंटचं बटण ठेवलं.

२०१७ मध्ये ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’च्या लूट बॉक्सवरून भडका उडाला. कंपनीने रेडिटवर दिलेल्या एका उत्तराला साडेसहा लाखांहून जास्त लोकांनी नापसंती दिली. त्याच वर्षी चीनने गेम कंपन्यांना बॉक्समधून काय निघण्याची किती शक्यता आहे ते जाहीर करायला लावलं. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार नियामकाने काही नामांकित गेममधले लूट बॉक्स बेकायदा जुगार ठरवले.

हे सगळं मला दूरचं वाटत नाही. गेल्या वर्षी आमच्या टीमकडे एका ॲपचं काम आलं. पैसे भरले की स्क्रॅच कार्ड मिळणार, आणि त्यातून काय निघेल हे ठरवणारं टेबल आम्ही लिहायचं. कामाच्या कागदावर शब्दही तोच होता, लूट टेबल. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात वजन. दहातल्या आठ ओळींवर ‘पुढच्या वेळी नक्की’ अशा अर्थाचं काहीतरी. मीटिंगमध्ये एकच आकडा चर्चेत होता: माणूस आठवड्यातून किती वेळा परत येतो. मी विचारलं, की जे निघतं त्याचा त्याला उपयोग काय? कूपन, असं उत्तर आलं. शक्यता कार्डावर छापाव्यात, असं मी लिहून दिलं. ते तिकीट अजून उघडं आहे, आणि दर पंधरा दिवसांनी मी ते पुन्हा वर आणतो.

मी हट्ट का धरतो? कारण ते टेबल मला आवडतं. त्याच टेबलाने एका पहाटे तीन खोल्यांतली मुलं जागी केली होती. त्याच टेबलाने अनोळखी माणसांना एका अंगठीवर विश्वास ठेवून व्यवहार करायला शिकवलं. ते वाईट नाही. त्याच्या आजूबाजूला काय आहे यावर सगळं अवलंबून आहे. वस्तू तुम्हाला निर्णय घ्यायला लावते का? तिच्यासाठी काही सोडावं लागतं का? ती हातात आल्यावर तुम्ही असं काही करू शकता का, जे काल करता येत नव्हतं? व्हेक्नाचा हात, निळी बाटली, एनिग्मा. प्रत्येकीत यातलं एक तरी ‘हो’ आहे. स्क्रॅच कार्डात तिन्हींना ‘नाही’.

आज रात्री गेम उघडलात तर आपली पिशवी एकदा नीट बघा. एकेका वस्तूवर बोट ठेवा आणि आठवून बघा, ही कुठे मिळाली, तेव्हा सोबत कोण होतं. काहींच्या बाबतीत भुयार आठवेल, मित्राची शिवी आठवेल, एखादी हुकलेली गोळी आठवेल. त्या तुमच्या. बाकीच्यांच्या बाबतीत फक्त यूपीआयचा मेसेज सापडेल.